चित्रवहीची पवारणा

गेल्या अश्विन पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचा समारोप झाला. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालले होते. वंदना झाली, खीरदान झाले, लोक पांगू लागले. तेव्हा आम्ही पिशवीतून एक वही काढून सतरंजीवर ठेवली. कोऱ्या कागदाची, कोपरे दुमडलेली, चार वर्षांच्या चित्रांनी भरलेली. म्हणालो, "चांगले काय ते सांगू नका. काय चुकले ते सांगा."

एवढे बोलायला आम्हाला चार वर्षे लागली. मोर्चात माईक हातात घेताना ज्याचा आवाज कापत नाही, त्याला पेन्सिलने काढलेली चित्रे दाखवायची भीती का वाटावी?

याचे उत्तर आमच्या शाळेत आहे. भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात आमचे बालपण गेले. वडील मागावर बारा बारा तास उभे असत. शाळेत एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेची तयारी सुरू झाली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ज्यांच्याकडे रंगपेटी होती ते परीक्षेला बसले. आम्ही फळ्यावर सुविचार लिहिणारे झालो. आज इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला दहावीला 7 वाढीव गुण मिळतात. म्हणजे चित्रकला हा केवळ छंद नाही, तिचा हिशेब गुणपत्रिकेतही होतो.

पण रंगपेटीपेक्षा मोठी उणीव दुसरीच होती. आमचे चित्र बघून "हा खांदा खाली उतरलाय, पुन्हा काढ" असे सांगणारे कोणी नव्हते. समाजशास्त्रात पिएर बोर्दिए ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, त्यात हेही येते. ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांच्या मुलांना चूक दाखवणारा काका, मामा, क्लासचा सर आयता मिळतो. आमच्या मुलांच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. बाहेर हसू आणि घरात टाळ्या. दोन्हींतून हात सुधारत नाही.

चळवळीतही तेच. 14 एप्रिलच्या बॅनरसाठी आम्ही दरवर्षी बाबासाहेबांचे चित्र काढायचो. दरवर्षी शाबासकी मिळायची, "एक नंबर, जय भीम!" आणि दरवर्षी चित्र तेवढेच वाईट असायचे.

यंदाच्या वर्षावासात भन्तेजींनी पवारणेबद्दल सांगितले. वर्षावास संपला की भिक्खू एकत्र बसतात आणि प्रत्येक जण संघाला विनंती करतो की माझे काही वावगे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा शंका आली असेल तर दाखवून द्या, मी सुधारणा करीन. आणि ही विनंती आधी ज्येष्ठ भिक्खू करतो, मग इतर. आम्ही चपापलो. आम्ही अभ्यासवर्गात मुलांच्या निबंधांवर लाल रेघा मारतो, पण आमची वही कोणी पाहिलेली नव्हती.

म्हणून ती वही सतरंजीवर आली.

पहिल्यांदा ती उचलली चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांनी. बाबासाहेबांच्या चित्रापाशी थांबले. बराच वेळ बोलले नाहीत. मग पेन्सिल आडवी धरून म्हणाले, "डोळे कुठे काढलेत बघा. माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. तुम्ही ते फार वर घेतलेत. नवीन माणूस हीच चूक करतो. त्यामुळे काय झालं? बाबासाहेबांचं कपाळ गेलं."

आम्ही पाहिले. खरेच गेले होते. कोट, टाय, चष्मा, खिशातले पेन सगळे जागच्या जागी होते. ते भव्य कपाळ मात्र आम्ही दोन बोटांएवढे करून टाकले होते, आणि इतकी वर्षे त्याच चित्राला हार घातला होता. बाबासाहेबांच्या चित्रात चूक काढायची कशी, या संकोचाने कोणी बोलले नव्हते. चित्रातली चूक दाखवणे म्हणजे महामानवाचा अवमान नव्हे. उलट, चूक दिसूनही गप्प बसणे हीच खरी अनास्था.

त्यानंतर एका मावशींनी वही मागितली. मावशींनी तीस वर्षे कांड्या भरण्याचे काम केले आहे. आम्ही कांडीवर काम करणाऱ्या बायकांची दहा-बारा चित्रे काढली होती. त्यांनी एकेक पान उलटले आणि विचारले, "बाळा, ही सगळ्या बाया वाकलेल्या का रे?"

आम्ही म्हणालो, "मावशी, कष्ट दाखवायचे होते."

"अरे, कांडी मशीनवर उभं राहावं लागतं. पाठ जाते ती उभं राहून. तू आम्हाला वाकवलंस. आणि हा हात बघ. तुटलेलं सूत कोणी मुठीत धरतं का? चिमटीत धरायचं, गाठ मारायची, सोडायचं. तोवर नजर पुढच्या चातीवर."

मित्रांनो, हे ऐकून आम्हाला आमचा एम.ए.चा लघुप्रबंध आठवला. विषय होता यंत्रमाग उद्योगातील महिला कामगार. प्रश्नावली भरून घेतली, तक्ते केले, 'शोषित', 'दबलेल्या' असे शब्द वापरले, पदवी घेतली. ज्यांच्यावर लिहिले त्यांतल्या एकीलाही आम्ही तो वाचून दाखवला नाही. त्यातही आम्ही त्यांना वाकवलेच असणार. फरक एवढाच की प्रबंध इंग्रजीत होता, म्हणून कोणाला बोलता आले नाही. चित्राला भाषेची अडचण नाही. जिचे चित्र, तीच परीक्षक होऊ शकते. शोषण दाखवण्याच्या भरात आपण आपल्याच माणसांचे कसब पुसून टाकतो, हे विद्यापीठाने आम्हाला शिकवले नाही. ते मावशींनी शिकवले.

एका तरुण कार्यकर्त्याला हे सगळे रुचले नाही. तो म्हणाला, "दादा, बाहेरचे लोक आपल्याला कमी लेखायला टपलेलेच आहेत. आपणच आपल्या माणसाचे खच्चीकरण कशाला करायचे?"

हा प्रश्न खोटा नाही. पिढ्यानपिढ्या ज्याने हिणवणे सोसले, त्याला सूचनाही टोचते. पण दोन्हींत फरक आहे. हिणवणारा तुमच्या जन्माकडे बोट दाखवतो. सुधारणारा तुमच्या कागदाकडे बोट दाखवतो आणि पेन्सिल पुन्हा तुमच्याच हातात देतो.

आणि बाबासाहेबांकडेच पाहा. लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो आहे तसा स्वीकारला नाही. बाबासाहेबांनी मांडणीत फेरफार करून तो पुन्हा सादर केला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. मांडणी सुधारायची, भूमिका सोडायची नाही, हा धडा चित्रवहीलाही लागू आहे. याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन आणि चित्रकला शिकायला घेतली. इतका मोठा माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. मग आम्हाला कसली लाज?

त्या दिवसापासून महिन्यातून एका रविवारी विहारात वह्या उघडतात. नियम थोडे आहेत. वर्गात जो मोठा, त्याची वही आधी. प्रत्येक चित्राखाली तारीख, आणि फसलेले पान फाडायचे नाही. "कसे वाटले?" असे विचारायचे नाही, नेमके विचारायचे: हात बरोबर आहे का? माणूस उभा वाटतो की टांगलेला? सांगणाऱ्याने "छान" आणि "बेकार" हे दोन्ही शब्द टाळून बोटाने जागा दाखवायची. ज्याचे चित्र आहे त्याने मध्येच खुलासा करायचा नाही. आणि चित्रातला माणूस जवळ राहत असेल तर त्याला बोलावायचेच.

एकदा सगळे मिळून लोनाडच्या लेणीवर गेलो. आपल्याच तालुक्यातली बौद्ध लेणी, पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी ती पाहिलेली नव्हती. दगडात कोरलेल्या झिजक्या आकृतींसमोर बसून मुलांनी रेषा ओढल्या. एका सातवीतल्या मुलीने आमच्या वहीत डोकावून सांगितले, "सर, तुमचा खांब भिंतीत शिरलाय." शिरलाच होता. आम्ही खोडरबर मागितला तर म्हणाली, "खोडू नका, बाजूला दुसरा काढा."

मागच्या रविवारी आम्ही मावशींचे नवे चित्र दाखवले. त्यात त्या ताठ उभ्या आहेत, सूत चिमटीत आहे, नजर पुढच्या चातीवर. मावशींनी चष्मा लावून पाहिले. म्हणाल्या, "आता मी दिसते. पण अंगठा अजून चुकलाय."

पुढच्या रविवारी अंगठा पुन्हा काढणार आहोत. तुमच्या वस्तीतही कोणाच्या तरी उशाखाली अशी वही असेल. तिला विहारात आणा.

जय भीम!