तिसरा ठिपका

पक्षाघातानंतर बाबांच्या उजव्या हातात हळूहळू जोर येत होता. व्यायामाचा त्यांना कंटाळा, म्हणून मी माळ्यावरचा जुना निन्टेन्डो वी खाली काढला. दुपारी ते मजेत बोलिंग खेळायचे. संध्याकाळी मात्र मेन्यूवर नेम धरला की पडद्यावरचा पंजा थरथरायचा. "हात थकतो रे," म्हणत ते रिमोट ठेवून द्यायचे.

मी सेल बदलले, रिमोट पुन्हा सिंक केला. फरक शून्य.

टीव्हीजवळच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण ती काहीच सेन्स करत नाही. तिच्या दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडी असतात. कॅमेरा असतो रिमोटच्या तोंडाशी. त्या दोन ठिपक्यांवरून तो नेम ओळखतो. पट्टी नसेल तर दोन मेणबत्त्यांवरही भागतं.

मेणबत्त्या म्हटल्यावर माझी नजर टीव्हीशेजारच्या देव्हाऱ्याकडे गेली. आई रोज दिवेलागणीला समई लावते. रिमोटला तिसरा ठिपका दिसत होता.

आईनं समई पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली. पंजा बराचसा स्थिरावला. अगदी किंचित हलत राहिला.

"एवढा माझा," बाबा म्हणाले आणि पुढचा डाव सुरू केला.