खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

लातूरकडचं देवणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला गाय-बैलच आठवतात. वानेरा, बालंक्या, शेवरा अशा तीन रंगरूपांचा हा गोवंश गावाचं नाव घेऊन देशभर फिरला. त्याच गावातल्या जुन्या घराच्या अंगणात, चुलीच्या सरपणामागे, फुटक्या टोपल्यात बसलेल्या गावरान कोंबडीच्या वाट्याला असं नाव आलं नाही. पण घरच्या बाईला विचारलं, तर गाईइतकाच जीव तिच्यावरही असतो.

कोंबडी खुडूक झाली की घराला लगेच कळतं. बारा-पंधरा अंडी घालून झालेली असतात आणि एका सकाळी ती टोपल्यातून उठतच नाही. अंग चपटं करून, पिसं फुलवून बसते. हात जवळ नेला तर घशातून खरखर काढते, चोच मारते. पोटाखाली बोट घातलं तर चटका बसावा इतकी ऊब लागते. छातीची पिसं तिनं स्वतःच उपटलेली असतात, उघडी कातडी थेट अंड्याला लागावी म्हणून. हा हट्ट प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचा. रक्तात ते वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसणं सुरू होतं. खाली अंडं नसलं तरी ती बसते. रिकाम्या टोपल्यात, दगडावर, एखाद्या कांद्यावरसुद्धा.

लातूरकडे रवण घालायला, म्हणजे कोंबडीखाली अंडी उबवायला ठेवायला, हिवाळा चांगला. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टोपल्यातली अंडी नासतात, पावसाळ्यात ओल आणि रोगराई. म्हणून येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, झाली, शेतात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे सगळं उरकलं, की बायका खुडूक कोंबडीकडे वळतात. अंगणात कोंबडा नसेल तर शेजारी जावं लागतं.

‘‘काकू, रवणाला दहा अंडे द्या की, तुमच्याकडं कोंबडा हाय.’’

‘‘ने की बाई. पण दोन पिल्ले मला द्यायची, आन् एक तलंग मी निवडणार.’’

एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. टोपल्यात राख, वर गवत किंवा भुसा, त्यावर अंडी. अंधार पडल्यावर कोंबडी हळूच उचलून वर ठेवायची. दिवसा ठेवली तर ती बिथरून पळते. पुढे एकवीस दिवस ती दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठते. दाणे टिपते, पाणी पिते, मातीत लोळते, दुर्गंधी सुटणारी मोठी विष्ठा टाकते आणि घाईनं परत येते. मधल्या वेळात चोचीनं अंडी फिरवत राहते, कडेचं मधे, मधलं कडेला. आठवड्यानं रात्री मोबाईलच्या बॅटरीवर अंडं धरून पाहिलं तर जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. न धरलेलं अंडं नुसतं पिवळट, मोकळं. ते तेव्हाच काढावं, नाहीतर फुटून बाकीची खराब करतं. शेवटच्या दोन दिवसांत कवचाच्या आतून चिवचिव येते आणि कोंबडी हलक्या आवाजात तिला उत्तर देते. हा संवाद ज्यांनी कान लावून ऐकला, त्यांना कोंबडी मठ्ठ असते असं म्हणवत नाही.

आता देवणी नगरपंचायतीचं गाव आहे. वाडे पडून सिमेंटची घरं आली, मोकळ्या जागा गेल्या, भिंतीला भिंत लागली. ज्यानं आयुष्यभर कोंबड्याच्या आवाजानं शेताची वाट धरली, त्याच्याच नातवाला पहाटे चारचं आरवणं नकोसं होतं. भांडण वाढलं की सार्वजनिक उपद्रवाची भाषा सुरू होते. भारतीय न्याय संहितेच्या 270 व्या कलमात त्याची व्याख्या आहे. मोठ्या शहरांनी हा प्रश्न कोंबड्यावर बंदी घालून सोडवला. न्यू यॉर्कमध्ये घरी कोंबडी पाळता येते, कोंबडा नाही.  आवाजाचा प्रश्न मिटतो, पण कोंबडा नसलेल्या अंगणातली खुडूक कोंबडी निर्जीव अंड्यांवर बसून झिजते. वजन घटतं, तुरा फिका पडतो, पिसांत लिखा होतात. मग दोनच वाटा उरतात: कोंबडा असलेल्या घरून अंडी आणणं, नाहीतर खूड, म्हणजे बसण्याचा हट्ट, मोडणं.

खूड मोडायच्या जुन्या रीती कठोर आहेत. नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं, पाय बांधून ठेवणं. पीस नाकात घातल्यानं इजा होते, श्वासाचा त्रास होतो. ही रीत सोडलीच पाहिजे. प्रोलॅक्टिनला ऊब आणि अंधार लागतो, म्हणून उपाय त्याच्या उलट करायचा. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी समोर ठेवून तीन-चार दिवस ठेवावं. पोट गार पडलं की बहुतेक कोंबड्या ताळ्यावर येतात आणि काही दिवसांनी पुन्हा अंडी सुरू होतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रोजचं अंडं रोज उचलावं.

पोल्ट्रीच्या पांढऱ्या लेगहॉर्नमधून खुडूक बसण्याचा हा गुण पिढ्यान् पिढ्या निवड करून जवळजवळ घालवलेला आहे. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, गावरान पन्नास-साठ. वनराज, गिरिराज या सुधारित जातीही क्वचितच बसतात, म्हणून त्यांची अंडी गावरान कोंबडीखालीच ठेवायची पद्धत गावोगाव आहे. वीज जाते तिथं उबवणी यंत्रापेक्षा हीच भरवशाची.

पण एक बंधन असं आहे, ज्यापुढे ही सगळी माया बाजूला ठेवावी लागते. जानेवारी 2025 मध्ये, संक्रांतीच्या आठवड्यात, शेजारच्या उदगीर शहरात कावळे पडू लागले. पन्नासच्या वर कावळे मेले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचं निदान झालं आणि 10 किलोमीटरचा परिसर सतर्क भाग ठरला. दिवस मोजून पाहावेत. त्याआधीची वेळ अमावास्या 30 डिसेंबर 2024 ला होती. दुसऱ्या दिवशी ज्या घरात रवण घातली, त्या घरात 21 जानेवारीला पिल्लं निघायची होती. अंड्यातली चिवचिव आणि गावातली बर्ड फ्लूची चर्चा एकाच आठवड्यात ऐकू आली असणार.

मराठवाड्याला हे नवं नव्हतं. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे 800 कोंबड्या मेल्या आणि लातूरच्या अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीतही हाच रोग सापडला. त्याआधी 2006 साली देशातला पहिला उद्रेक झाला तो नंदुरबारच्या नवापुरात. पाळीव पक्ष्यांत रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात आणि अंडी, खाद्यही नष्ट करतात. त्यात टोपल्यातली खुडूकही येते. पथकाच्या हातात कोंबडी देताना बायका रडतात, आणि हे रडू खरं आहे. नुसत्या मालासाठी कुणी असं रडत नाही. तरीही हा नियम योग्य आहे. विषाणूला अंगण आणि पोल्ट्री यांतला फरक कळत नाही, आणि टोपलीभर अंडी मोटारसायकलवर एका गावातून दुसऱ्या गावात नेली तर रोगही सोबत जाऊ शकतो.

म्हणून ज्यांच्या अंगणात आज कोंबडी खुडूक बसली आहे, त्यांना एवढीच विनंती. रवणाची अंडी ओळखीच्या, निरोगी घरचीच घ्या. बसवण्याआधी आसपास पाखरं मेल्याची बातमी आहे का, विचारा. पिल्लं निघाली की मानमोडीची लस वेळेवर द्या. आणि कोंबडी किंवा कावळा अचानक मेलेला दिसला तर हात लावू नका, पुरून टाकून गप्प बसू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.