सोडलेले डाव

किलवरची सत्ती आणि बदामाची दुर्री हातात आली, की पोकरमधला सगळ्यांत वाईट हात आला असं समजायचं. दोन्ही पानं लहान. एकमेकींपासून इतक्या लांब की पाच पानांच्या कुठल्याही सिक्वेन्समध्ये दोघी मिळून बसूच शकत नाहीत. आणि जात वेगळी, म्हणून कलरचीही आशा अंधूक. भाचीने मला पोकर शिकवायला घेतलं तेव्हा तिने कॅटमधून हीच दोन पानं काढून माझ्यासमोर ठेवली. “मावशी, ही आली की पालथी टाकायची. मागे वळून बघायचं नाही.”

मला ते जड गेलं, कारण आमचं पत्त्यांचं सगळं शिक्षण उन्हाळ्याच्या सुट्टीत माजघरातल्या सतरंजीवर झालेलं. मेंढीकोटात वाटणीला आलेली तेराच्या तेरा पानं खेळावी लागतात. बदाम सात असो की झब्बू, आलेलं पान नशिबाला आलं म्हणून सांभाळायचं आणि वेळ येईल तसं उतरवायचं. रमीत पॅक करता येतं, पण अंगावर पॉइंट घेऊन. पोकरमध्ये मात्र आपली पाळी आली, पानं आवडली नाहीत, तर ती सरळ पुढे सरकवायची. त्यासाठी काही भरावं लागत नाही. अपवाद दोघांचा, वाटणाऱ्याच्या डावीकडच्या. त्यांना पानं बघायच्या आधीच स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड म्हणून थोडं मध्ये टाकावं लागतं, नाहीतर चांगल्या पानांची वाट बघत सगळेच बसून राहतील.

खेळाची रचना सोपी आहे. आज जगभर सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात आणि मध्ये सर्वांची मिळून पाच पानं उघडतात. आधी तीन एकदम, ती फ्लॉप. मग एक, ते टर्न. मग शेवटचं, रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून सर्वांत चांगली पाच आपली. प्रत्येक टप्प्यावर लावायचं, वाढवायचं किंवा सोडायचं. दोन पानं एकूण १,३२६ प्रकारांनी येऊ शकतात आणि त्यांत एक्क्यांची जोडी सरासरी २२१ वाटपांत एकदा येते. म्हणजे अख्खी संध्याकाळ ती न दिसणं हीच साधी गोष्ट आहे.

तीन पत्ती खेळलेल्या माणसाला इथे एक धक्का बसतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलटं, कलर वरचा. मी आधी हा नुसता रिवाजातला फरक समजले होते. मग एका दुपारी वही घेऊन मोजायला बसले. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि साधे कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून त्याचा मान मोठा. पाच पानांचे हात २५,९८,९६०. त्यांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. पानं तिनाची पाच झाली आणि दुर्मीळपणाने जागा बदलली, म्हणून मानही बदलला. पुढे जाऊन तीन पत्तीतल्या सर्वांत वरच्या हातांपाशी आले तर तिथे आणखी गंमत. एका जातीचे सिक्वेन्स ४८ आणि ट्रेल (तीन सारखी पानं) ५२, म्हणजे ट्रेल किंचित अधिक वेळा येते, तरी परंपरेने तिलाच गादीवर बसवलं आहे. मला हे मोजताना फार आनंद झाला. इतकी वर्षं पाठ असलेल्या क्रमाखाली जमीन होती आणि ती आपल्या पेन्सिलीने चाचपता येत होती. कुणीही सुरुवात करणाऱ्याने क्रमाचा तक्ता पाठ करण्याआधी एकदा ही बेरीज स्वतः करावी, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. पैसे नकोत हे माझं पहिल्यापासून ठाम होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अक्षसूक्त ज्यांनी वाचलं आहे त्यांना तो जुगारी आठवत असेल. पुन्हा जाणार नाही असं ठरवतो आणि फाशांचा आवाज आला की निघतो. ते फासे बेहड्याच्या फळांचे होते. फळं बदलली, पत्ते आले, पडदे आले, ओढ तीच राहिली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, त्यामागे उद्ध्वस्त घरांचं दुःख आहे आणि ते मला खरं वाटतं. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काहीच पणाला नसेल तर पोकर उरतच नाही, कारण मग कुणी पानं सोडत नाही आणि प्रत्येक जण शेवटपर्यंत बघत बसतो. म्हणून आमचे चिंचोके मोजून मिळतात आणि संपले की त्या दिवशी परत मिळत नाहीत. संपले त्याने उठून सगळ्यांचा चहा टाकायचा. इतक्यानेही हात आखडतो. शिकायला तेवढं पुरतं.

आता मला ज्याविषयी बोलायचं आहे तिथे येते. समजा माझ्या हातात इस्पिकची दोन पानं आहेत, मध्ये उघडलेल्या चारांत आणखी दोन इस्पिक. एक आलं की कलर. मला दिसलेली पानं सहा, न दिसलेली ४६, त्यांत इस्पिक नऊ. मध्ये ८० चिंचोके आहेत, समोरच्याने २० लावले. मी २० टाकायचे की नाही? ४६ वेळा हाच प्रसंग आला असं धरलं, तर नऊ वेळा मी त्या शंभरावर हात मारेन, म्हणजे ९०० मिळतील. सदतीस वेळा वीस-वीस जातील, म्हणजे ७४०. शिल्लक १६०. तेव्हा टाकायचे. पण याच हिशेबाची दुसरी ओळ अशी आहे, की बरोबर निर्णय घेऊनही मी पाचांतल्या चार वेळा हरणार. शेवटचं पान उलटेल, ते चौकटचं निघेल, समोरचा ढीग ओढून घेईल, आणि तरीही माझं चुकलेलं नसेल. त्याने ५० लावले असते तर हेच टाकणं चूक ठरलं असतं, मग इस्पिक येऊन मी जिंकले असते तरी.

हे मनाला पटवणं फार कठीण आहे. लहानपणापासून आपल्याला निकालावरून अक्कल मोजायला शिकवलेलं असतं. पास झाला म्हणजे अभ्यास बरोबर, गाडी चुकली म्हणजे निघायची वेळ चुकली. भाची एखाद्या डावानंतर विचारते, “जिंकलीस की हरलीस ते नको सांगू. का खेळलीस ते सांग.” हा प्रश्न मला आजवर कुणी इतक्या स्वच्छपणे विचारला नव्हता. मी डाव मनात परत मांडते. तेव्हा मला काय माहीत होतं, काय माहीत असायला हवं होतं, आणि उरलेलं निव्वळ पान. या तीन गोष्टी वेगळ्या करण्यात आमचा बराचसा वेळ जातो आणि तोच मला सर्वांत प्रिय वाटतो.

डॉयल ब्रन्सन या टेक्सासच्या खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी सलग दोन वर्षं लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती. त्या जोडीला त्याचं नाव पडलं. तरी कुठलाही शहाणा शिक्षक नवख्याला ती खेळायला सांगत नाही. मारिया कॉनिकोवा ही मानसशास्त्र शिकलेली लेखिका. कॅटमध्ये पानं किती हेही तिला ठाऊक नव्हतं. एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूकडे ती शिकायला गेली आणि २०२०मध्ये तिने त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. तिला नशिबाचा वाटा किती आणि आपला किती हे पाहायचं होतं. बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं, रुलेटमध्ये आपल्या हातात काहीच नसतं. पोकर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वस्तीला आहे, आणि आपणही तिथलेच रहिवासी आहोत.

थाप मारण्याचं, म्हणजे ब्लफचं, मला आधी वावडं होतं. खोटं बोलायचं कशाला? मग फॉन नॉयमनचं काम समजून घेतलं. या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाने १९२८मध्ये अशा खेळांचा सिद्धान्त मांडला आणि १९४४मध्ये अर्थशास्त्रज्ञ मॉर्गनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरचं एक सोपं प्रतिरूप सोडवून दाखवलं. त्यातून निघालं ते असं: फक्त चांगल्या पानांवर लावणाऱ्याला कुणी कधी काही देणार नाही, कारण त्याने लावलं की सगळे समजून जातील. मग थाप कोणत्या पानांवर मारायची? मधल्या नव्हे, अगदी वाईट पानांवर. मधली पानं उघडून दाखवली तर कधीकधी जिंकतात, त्यांना जपायचं. वाईट पानं समोरचा उठला तरच जिंकतात. गणिताच्या तोंडून हे ऐकल्यावर माझा नैतिक संकोच गेला. बैठकीला बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, म्हणून त्यात फसवणूक नाही.

सध्या मी बसण्याची जागा शिकते आहे. शेवटी बोलायला मिळणं हीच एक मोठी दौलत, कारण बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवता येतं. तीच पानं पहिल्या पाळीला टाकून द्यायची आणि शेवटच्या पाळीला खेळायची. हे शिकल्यापासून मी आईला वाटणाऱ्याच्या जागी बसवते, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटचा शब्द तिचा. ती आयुष्यभर रमी खेळलेली. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, “सोडलं तर पॉइंट किती बसतात?” एकही नाही म्हटल्यावर तिने पानं पालथी टाकली, चष्मा पुसला, आणि डाव संपेपर्यंत आम्हा बाकीच्यांचे चेहरे नीट बघत बसली. पुढच्या डावात तिने माझा ब्लफ पकडला.