आधी सांगा, मग विचारा

३ ऑगस्ट, नेर
अवयवदान दिनानिमित्त ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आणि आशाताईंशी बोलले. मी नागपूरला समुपदेशक असले तरी माहेर इथलंच, त्यामुळे कोणी अवघडलं नाही. एक आशाताई म्हणाल्या, "डोक्याला मार लागलेला पेशंट आपण यवतमाळ नाही तं अमरावतीला धाडतो. मंग आपलं काम काय?" मी नेत्रदानाचं सांगितलं. घरी मृत्यू झाला तरी ६ तासांत बुबुळं घेता येतात. तोवर पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस, डोक्याखाली उशी. त्यांनी लगेच वहीत उतरवून घेतलं.

४ ऑगस्ट
आज त्यांना मेंदूमृत्यू समजावून सांगितला. १९९४च्या कायद्याप्रमाणे ४ डॉक्टरांचं मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासतं. त्यात प्रत्यारोपण करणारं कोणी नसतं. ॲप्निया टेस्टला व्हेंटिलेटर काही मिनिटं काढतात, ऑक्सिजन चालू ठेवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मेंदूचं खोड जिवंत असेल तर छाती हलतेच. पण घरच्यांनी मशीनवर वरखाली होणारी छाती पाहिलेली असते, हात गरम लागलेला असतो. म्हणून दुसऱ्या तपासणीनंतर डॉक्टरांनी त्यांच्याजवळ बसून "ते गेले" एवढंच सांगावं. रडू द्यावं. दानाचा विषय नंतर, वेगळ्या खोलीत, समुपदेशकाने काढावा.

५ ऑगस्ट
आशाताईंबरोबर तालुक्यातल्या एका घरी गेले. गेल्या महिन्यात मोटारसायकलच्या अपघातात नवरा गेला. बायकोने अवयवदानाला नकार दिला, त्यावरून गावात कुजबुज.

ती म्हणाली, "माणूस गेला हे मले कोणी सांगतलंच नाही, बाई. पहिले सहीच मांगतली. भासऱ्यांशी बोलले अन् कागद माह्यापुढं ठेवला."

तिचा राग रास्त आहे. सही जवळच्या नातलगाची लागते, तिथे बायकोला कोपऱ्यात बसवून घरातल्या पुरुषांशी बोलायचं, हे मी कितीतरी वॉर्डांत पाहते आणि दरवेळी जीव तुटतो.

"माह्यं चुकलं काय?" तिने विचारलं. अजिबात नाही, असं मी भासऱ्यांच्या देखत सांगितलं.

शेत नवऱ्याच्या नावावर होतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात, पण शवविच्छेदन अहवालाची प्रत तिच्याजवळ नाही. मुदतीच्या आत अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायला हवा. प्रतीच्या मागे मी लागते. बाकीचे कागद आशाताई उद्या गोळा करणार आहेत.