आठ-आठच्या पुढे

लीला राव यांची विम्बल्डनमधली कामगिरी बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेली दिसते: १९३४, तिथे एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. मान मोठाच आहे, पण त्यात खेळ कुठेच दिसत नाही. तो दिसतो गुणसंख्येत. ग्लॅडिस साउथवेलविरुद्ध लीलाबाई ४-६, १०-८, ६-२ अशा जिंकल्या. तेव्हा टायब्रेकर नव्हता. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट लांबतच जाई. म्हणजे पहिला सेट हातचा गेलेला, दुसऱ्यात आठ-आठ, आणि साउथवेलला सामना संपवायला दोनच गेम हवे होते. ते दोन्ही लीलाबाईंनी घेतले. मग तिसऱ्या सेटमध्ये त्यांनी तिला डोके वर काढू दिले नाही. नशीब एखाद्या गुणापुरते साथ देते. अठरा गेमच्या सेटमध्ये तग धरायला अंगात खेळच असावा लागतो.

कोणी म्हणेल, मुंबईच्या नामवंत डॉक्टरांची मुलगी. पैसा, सवड, बोटीचा प्रवास, सगळे घरचेच. खरे आहे, आणि ज्यांच्या वाट्याला हे आले नाही अशा मुलींची हळहळ वाटतेच. पण पैसेवाली घरे मुंबईत पुष्कळ होती. या घरात आई, पंडिता क्षमा राव, स्वतः टेनिस खेळत आणि संस्कृतात लिहीतही. गांधीजींच्या लढ्यावरची त्यांची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ साली पॅरिसमध्ये छापली गेली. मुलीने मैदानात उतरणे आणि ग्रंथात रमणे यांत तिथे भांडण नव्हते. सुबत्तेपेक्षा दुर्मीळ होते ते हे.

दुसरा आक्षेप असा की पुढच्याच फेरीत त्या हरल्या. हो, पण फ्रान्सच्या इदा अदामॉफकडून, जी वर्षभराने फ्रेंच स्पर्धेत दुहेरीच्या अंतिम फेरीत पोहोचली. विस्मरणाचे दुःख मात्र खरे. मुमताज १६३१ मध्ये आमच्या बुऱ्हाणपुरात वारली, आधी तापीपलीकडे आहुखान्यात दफन झाली. पण ती पहिली जागा विसरून जग ओळखते ते नंतरचे आग्रा. लीलाबाईंचेही तसेच झाले. १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियात पहिली फेरी जिंकली. तिचे कौतुक रास्तच होते, पण ग्रँड स्लॅममध्ये जिंकलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून आजही अनेकदा तिचेच नाव घेतले जाते. लीलाबाईंचा तो सामना तेव्हा चौसष्ट वर्षे जुना झाला होता.