पडेगाव ते वेरूळ : सायकल तुमच्या मापाची आहे ना?

रविवारी पहाटे पडेगावच्या रस्त्याकडेला जरा उभं राहून बघा. आठवडाभर याच रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघत, मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी असणारी मंडळी आज चक्क हेल्मेट घालून हजर असतात. कुणी बँकेतला, कुणी चिकलठाण्याच्या फॅक्टरीतला, कुणी वर्क फ्रॉम होमचा कैदी. छत्रपती संभाजीनगरची छावणी मागे पडली की पडेगाव, मग मिटमिटा, शरणापूर, दौलताबादचा किल्ला, घाट, खुलताबाद आणि शेवटी वेरूळ. पडेगावातून निघालात तर जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर. हाफ डेमध्ये बसणारी, पेट्रोलचा थेंबही न लागणारी झकास ट्रिप.

पण दोस्तांनो, या सायकलींकडे एकदा नीट बघा. एकाचे गुडघे पोटाला लागतायत. एकजण हँडलपर्यंत पोचायला असा लांबलाय की सीटवरून घसरेल की काय असं वाटतं. एकीची सायकल सिग्नलला थांबली की तिला चक्क खाली उडी मारावी लागते. सायकली महागड्या, गिअर भारी, बॉटल मॅचिंग. माप मात्र दुसऱ्याच कुणाचं!

शर्ट घेताना आपण तीन वेळा ट्रायल रूममध्ये जातो. शूज घेताना दुकानभर चालून बघतो. आणि वीस-तीस हजारांची सायकल मात्र रंग बघून घेतो. पडेगाव ते वेरूळ हा रस्ता मात्र रंगाला भुलत नाही. याचा प्रत्येक टप्पा तुमच्या सायकलचं एकेक माप तपासतो.

टप्पा पहिला : पडेगाव, सीटची उंची

सुरुवातीला घाट नाही, मोठा चढ नाही. म्हणजे पाय सलग फिरत राहणार. इथे पहिल्या काही किलोमीटरमध्येच कळतं, सीट बरोबर आहे की नाही.

सोपी टेस्ट. सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघ्यात हलकासा बाक येतो. तेवढाच हवा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असेल तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागते.

आकड्यांत हवंय? भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. हे तुमच्या पायांचं आतलं माप. त्याला ०.८८३ ने गुणा. समजा माप ७६ सेंटीमीटर आलं, तर उत्तर साधारण ६७. पायडलचा दांडा जिथे फिरतो त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करायची. १९८६, १९८९ आणि १९९० अशी तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हा फॉर्म्युला ओळखला जातो. तो काही ब्रह्मवाक्य नाही. त्यानंतर अर्धा सेंटीमीटर वर, अर्धा खाली, असं आपलं आपण जुळवायचं.

टप्पा दुसरा : मिटमिटा ते शरणापूर, हँडलचं अंतर

पावसाळ्यात या पट्ट्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे वेरूळकडे जाताना तोंडावर, घरी येताना पाठीवर. वारा तोंडावर आला की आपण आपोआप पुढे वाकतो आणि मग कळतं, हँडल हाताशी आहे की गावाबाहेर आहे.

पडेगावात राहणारी माझी एक मैत्रीण, बँकेत नोकरीला. उंची पाच फूट दोन इंच. २०२० च्या लॉकडाऊननंतर सगळ्यांना सायकलचं याड लागलं तेव्हा तिनेही घेतली. दुकानात तिच्या मापाची नव्हती. ‘हाच पीस शिल्लक आहे मॅडम, सीट खाली केली की झालं,’ हा दुकानदाराचा सल्ला. सीट खाली झाली, पण हँडल काही जवळ आलं नाही. शरणापूर येईपर्यंत तळहात बधिर, मान आखडलेली. तीन महिन्यांत सायकल बाल्कनीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. घरचे म्हणाले, ‘तुझ्याच्याने व्हायचं नाही ते.’ वाईट म्हणजे तिलाही ते पटलं. वर्षभराने मावसबहिणीची छोट्या फ्रेमची सायकल तिने सहज चालवून बघितली आणि थेट दौलताबाद गाठून आली. हात जागेवर, मान जागेवर. वर्षभर जिला ती आपली कमजोरी समजत होती, ती निव्वळ काही सेंटीमीटरची भानगड होती!

तर लक्षात घ्या, सीट वर-खाली होते, थोडी मागे-पुढेही सरकते. हँडलचा पुढचा तुकडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो थोडा आखूड लावून मिळतो. पण हे सगळं उन्नीस-बीस करण्यापुरतं. फ्रेमच मोठी असेल तर हे उपाय पुरे पडत नाहीत. हँडल धरल्यावर कोपरात किंचित बाक राहायला हवा आणि खांदे कानांपर्यंत चढता कामा नयेत.

मुलींसाठी अजून एक. ‘लेडीज सायकल’ म्हणजे छोट्या मापाची सायकल नव्हे. तिला मधली आडवी नळी नसते ती साडी-ड्रेसच्या सोयीसाठी. माप वेगळं बघायलाच लागतं. हात लहान असतील तर ब्रेकची दांडी बोटांपासून लांब राहते. बऱ्याच ब्रेकना ती जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो, तो दुकानदाराकडून फिरवून घ्या. पुढे उतार आहे.

टप्पा तिसरा : दौलताबादची वेस, उभं राहण्याचं माप

यादवांची देवगिरी. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी हलवली ती इथेच. आजही वेरूळचा रस्ता किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीतल्या वेशीतून जातो. वेस त्या जमान्याची, गाड्या या जमान्याच्या. समोरून बस आली, मागून जीप आली की सगळे अडकले. त्यात सीझनला सीताफळं, पेरू विकणारे आणि ते घ्यायला अचानक ब्रेक मारणारे पर्यटक. इथे तुम्हाला क्षणात थांबून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला लागतात.

म्हणून दुकानात आधी हे करा. सीटच्या पुढे, आडव्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट उभे राहा. नळी आणि तुमच्यामध्ये रोड किंवा हायब्रिड सायकलला निदान दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा हवी, माउंटन बाइकला पाचेक. नळी टेकत असेल तर ‘सवय होईल’ यावर विश्वास ठेवू नका. अशा गोष्टींची सवय होत नाही, इजा होते.

आता तुम्ही म्हणाल, आजोबांच्या काळी कुठे होती ही मापं? बरोबर. तेव्हा बावीस इंची आणि चोवीस इंची अशा दोनच काळ्या सायकली. घरात एकच, तीच आजोबांची, काकांची आणि शाळेत जाणाऱ्या पोराचीही. पोरगं मधल्या त्रिकोणातून पाय घालून हाफ पायडल मारायचं आणि त्यातच शिकायचं. पण ती सायकल दूध, दळण आणि डबलसीट वाहायला होती. त्यावर ताठ बसून गावातल्या गावात फिरायचं. तुम्ही पुढे वाकून ५० किलोमीटर मारणार. म्हणून ‘मोठी घे, टिकेल’ हा घरातला सल्ला शाळेच्या युनिफॉर्मपुरता ठेवा.

ही गंमत सायकलचीच नाही. गुलमर्गला किंवा औलीला बर्फात स्कीइंग शिकायला जा. स्की भाड्याने देणारा आधी ती तुमच्या शेजारी उभी करून बघतो. शिकाऊ असाल तर हनुवटीच्या आसपास येणारी, सरावलेले असाल तर कपाळापर्यंत किंवा त्याहून थोडी लांब. आखूड स्की पटकन वळते पण वेगात थरथरते. लांब स्की वेगात स्थिर राहते पण वळायला ताकद आणि तंत्र मागते. वजन जास्त असेल तर थोडी लांब, कमी असेल तर थोडी आखूड. एकेकाळी तिथेही हात वर करून मनगटापर्यंत येईल एवढी लांब स्की घ्यायची पद्धत होती. १९९० च्या दशकात मध्ये निमुळत्या, कडेला गोलाई असलेल्या स्की आल्या आणि लांबी झपाट्याने कमी झाली. थोडक्यात, प्रश्न दोन असतात. तुमची उंची-वजन किती, आणि तुम्हाला येतं किती? पहिल्याचं उत्तर टेप देतो. दुसऱ्याचं उत्तर घाट देतो.

टप्पा चौथा : खुलताबादचा घाट, तुमची कुवत

किल्ला मागे टाकला की रस्ता वर चढायला लागतो. वाटेत हातकागदासाठी प्रसिद्ध असलेलं कागजीपुरा. श्रावणात शुक्रवारी रात्री इथून भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा शनिवारी पहाटे सायकल काढणार असाल तर जपून.

घाटात फ्रेमएवढंच महत्त्व गिअरला. शोरूममध्ये रेसवाल्यांची रोड बाइक बघून डोळे दिपतात. पण जरा दात मोजा. पुढचं लहान चक्र ३४ दातांचं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ चं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. चढावर नवख्या पायांना हे जड जातं. उलट पुढे २८ आणि मागे ३४ असेल तर एका फेऱ्यात पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर. ताशी सहा किलोमीटरने, पण न उतरता, न धापता, खालचा किल्ला बघत बघत तुम्ही वर पोचता. नवख्या माणसाला हलका गिअर असलेली हायब्रिड घेण्यात कसलाही कमीपणा नाही. रेसिंगची सायकल दोन वर्षांनी घ्या. तोवर तुमचे पायच सांगतील, हवी की नको ते.

टप्पा पाचवा : वेरूळचा उतार, तुमचं वजन

खुलताबाद ओलांडलं की रस्ता वेरूळकडे उतरतो. समोर दरी, वळणं, वारा. इथे तुमचं वजन कामाला लागतं. नव्वद किलोच्या पुढे असाल तर बारीक टायर आणि मोजक्या तारांची फॅशनेबल चाकं टाळा. ३२ किंवा ३६ तारांचं चाक आणि ३२ मिलिमीटर किंवा जास्त रुंदीचे टायर घ्या. वजन कमी असेल तर टायरमध्ये हवा दगडासारखी ठासू नका, सायकल उड्या मारते. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा आणि वळणात नव्हे, वळणाआधी मारा. आणि हो, येताना हाच उतार चढायचाय. पाण्याची दुसरी बाटली त्यासाठी.

पोचलात? मंगळवार नको, त्या दिवशी लेणी बंद असतात. ३४ लेण्यांपैकी घाई असेल तर फक्त सोळावं बघा, कैलास. एक अख्खं मंदिर डोंगरात वरून खाली खोदत आणलेलं. पाया आधी आणि कळस नंतर हा आपला हिशेब इथे उलटा. एक दगड जास्त कापला गेला असता तर परत चिकटवता येणार नव्हता, म्हणून माप आधी आणि छिन्नी नंतर.

सायकलच्या फ्रेमचंही तेच. सीट बदलता येते, स्टेम बदलतं, टायर बदलतात. फ्रेम बदलत नाही. त्यामुळे दुकानात जाण्याआधी पायांचं माप चिठ्ठीवर लिहून न्या. एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीत ‘लार्ज’ निघू शकतो, म्हणून नुसत्या अक्षरावर जाऊ नका, कंपनीचा उंचीचा तक्ता मागा. दोन मापांच्या मध्ये पडत असाल आणि नवखे असाल, तर लहान घ्या. लहान फ्रेमवर सीट वर करता येते, मोठी फ्रेम आखूड करता येत नाही. किमान दहा मिनिटं रस्त्यावर चालवल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमच्या मापाची नसेल तर डिस्काउंट कितीही असो, सरळ ‘नको’ म्हणा आणि आठवडाभर थांबा.

कारण सायकल सोडून देणारे सगळेच आळशी नसतात. कितीतरी जणांचे गुडघे, मनगटं, मान त्यांना ‘ही सायकल तुझी नाही’ असं ओरडून सांगत असतात आणि ते बिचारे ऐकतात ‘सायकलिंग तुझं काम नाही’. पडेगावातल्या बाल्कनीत धूळ खात पडलेली एखादी सायकल तुमचीही असेल, तर विकायच्या आधी एकदा टेप काढा. कदाचित सीट तीन सेंटीमीटर वर करायची असेल. कदाचित ती घरातल्या उंच भावाला द्यायची आणि आपल्यासाठी लहान शोधायची असेल. घाट काही कुठे पळून जात नाही.