उलटी प्रदक्षिणा

मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणं. माजिवड्याला डावीकडे वळून घोडबंदर रस्ता धरायचा, गायमुखचा घाट चढून उतरायचा. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर पुन्हा डावीकडे, मग काशिमिरा, दहिसर, बोरिवली, कांदिवली, गोरेगाव. जोगेश्वरीला तिसरं डावं वळण, विक्रोळी लिंक रोडचे साडेदहा किलोमीटर, पवई तलावाचा काठ, गांधीनगरला शेवटचं डावं वळण आणि एलबीएस मार्गाने कांजूर, भांडुप करत परत मुलुंड. साधारण ६५ किलोमीटर. पोटात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं १०४ चौरस किलोमीटरचं जंगल, तुळशी आणि विहार हे दोन तलाव आणि कान्हेरीची शंभरहून अधिक लेणी. देवाची प्रदक्षिणा उजवीकडून घालतात, ही मात्र उलटी. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, त्यामुळे या फेरीत एकदाही भरधाव वाहनांसमोरून उजवीकडे वळावं लागत नाही. सायकलवाल्याला जिवाची किंमत असते, म्हणून प्रदक्षिणा उलटी.

रविवारी पहाटे पाचला या वाटेवर सायकलींचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात. त्यांतला एक दिवा माझा. आधी तीन वर्षं तो माउंटन बाइकवर होता, आता रोड बाइकवर आहे.

मुंबईच्या उपनगरांत गिअरची सायकल म्हणजे माउंटन बाइक, असंच समीकरण आहे. नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हीरोची रेंजर आणि हर्क्युलिसची एमटीबी आठवत असेल. आडवं सरळ हँडल, गाठीगाठींचे जाड टायर. काळ्या रोडस्टरच्या दांड्यावर बसून वाढलेल्या मुलांना ती मोटारसायकलच वाटायची. पुढे पुढच्या चाकाला शॉकअप आले, डिस्क ब्रेक आले, २१ गिअर आले. दुकानात गेलं की पहिला प्रश्न आजही तोच येतो, ‘आपले रस्ते बघता बारीक टायर टिकेल का?’ बापाने विचारलेला हा प्रश्न ऐकून दुकानदारही जाड टायरचीच सायकल पुढे सरकवतो. माझ्या बाबतीतही हेच झालं होतं.

ही सायकल मुळात कशासाठी जन्मली, हे पाहण्यासारखं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी जुन्या, जड सायकली वर नेऊन मातीच्या उतारावरून सुसाट खाली सोडायची. १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. एका उतारात मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि ते नव्याने भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची या मंडळींनी पुढे त्या खेळासाठी खास सायकली घडवल्या. म्हणजे दगडगोट्यांच्या उतारावर हाडं शाबूत राहावीत म्हणून बनलेलं यंत्र घेऊन आपण भांडुपच्या सिग्नलला उभे असतो. येऊरच्या मातीच्या वाटांवर ते शोभतं. एलबीएस मार्गावर त्याचं ओझं होतं.

हे ओझं मला कळलं ते घड्याळामुळे. सायकलवाल्यांत २०० किलोमीटरची बीआरएम म्हणजे पहिला मोठा टप्पा. फ्रान्समधल्या ओडॅक्स क्लब पॅरिसियनच्या नियमांनी जगभर चालणाऱ्या या फेऱ्यांत नंबर नसतात, पण मुदत कडक असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. उद्यानाच्या फेरीला मला माउंटन बाइकवर तीन तास पन्नास मिनिटं लागायची, ताशी सतरा किलोमीटर. त्या हिशोबाने २०० ला पावणेबारा तास नुसतं पेडल मारण्यात जाणार. खाणं, पाणी, कार्डावर शिक्के, एखादं पंक्चर, सगळं पावणेदोन तासांत बसवायचं. शिवाय शेवटच्या पन्नास किलोमीटरला पहिल्या पन्नासचा वेग राहत नाही.

पाय कमी पडत नव्हते. चढावर उभं राहून जोर लावला की पुढचा शॉकअप दाबला जायचा. दर पावलागणिक थोडी ताकद स्प्रिंग गिळायची. सायकलचं वजन साडेपंधरा किलो. पुढचं सर्वांत मोठं दातेरी चाक ४२ दात्यांचं, मागचं सर्वांत लहान १४ दात्यांचं, म्हणजे पायाच्या एका फेरीत चाकाच्या तीन फेऱ्या, जमिनीवर सहा मीटर. उतारावर ताशी तीसच्या पुढे पाय नुसते गरगरायचे. रोड बाइकवर ५० आणि ११ दाते असतात, एका फेरीत साडेनऊ मीटरहून जास्त. आणि वाऱ्याचा हिशोब तर याहून मोठा. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या आसपास गेलं की पायांची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला अडवतं ते सायकलपेक्षा माणसाचं शरीर. सरळ हँडलवर माणूस शिडासारखा ताठ बसतो.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार केली. त्याआधी कित्येक दशकं मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून लोक डोक्यावर घेत आले होते. त्या सगळ्यांच्या छायाचित्रांत एक गोष्ट सारखी दिसते. बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आणि त्यावर झुकलेली पाठ.

मी रोड बाइक घेतली. साडेदहा किलो, पुढे दोन आणि मागे आठ गिअर, २८ मिलिमीटरचे टायर.

पहिल्याच सकाळी पवईच्या उताराला जीव घशाशी आला. ब्रेक दाबायला बोटं सवयीने सरळ पुढे गेली आणि हाताला काहीच लागलं नाही. गिअरची कळ इथे ब्रेकच्याच दांड्यात असते, आत दाबली की गिअर, मागे ओढली की ब्रेक. शिमानोने १९९० साली ही रचना आणली तेव्हा शर्यतवाल्यांना हँडलवरून हात काढण्याची गरज उरली नाही. मला ती अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. मान अवघडायची, करंगळीला मुंग्या यायच्या. सीट एक सेंटीमीटर वर घेतली, हँडलचा आखूड स्टेम बसवला, तेव्हा मुंग्या थांबल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळजण या पहिल्या महिन्यातच सायकल विकून टाकतात. दुखणं बहुधा मापाचं असतं.

हवेचा धडा भांडुपच्या एका दुकानातल्या मामांनी दिला. मूळचे सिंधुदुर्गातले, वय सत्तरीच्या पुढे. चाकाचा आऊट काढताना ते डोळे मिटून आऱ्यांवर बोट फिरवतात आणि आवाजावरून सैल आरा ओळखतात. आपल्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हला आत रबरी नळी असते, माउंटन बाइकला मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह आणि रोड बाइकला काडीसारखा बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसतच नाही. मामांनी ड्रॉवरमधून पितळेची बारकी टोपी काढून दिली. ती वर फिरवली की कुठलाही मोटारीचा पंप चालतो. ‘ही खिशात ठेव, पाकीट विसरलास तरी चालेल.’

मग त्यांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला. मी शंभर पीएसआय हवा भरली होती, कारण बाजूवर तेवढा आकडा छापलेला होता.

‘हा कमाल आकडा आहे, रोजचा नाही. तुझं वजन किती?’

‘बहात्तर.’

‘मग पुढे सत्तर, मागे ऐंशी. ट्यूबला पण श्वास घेऊ दे.’

त्या दिवसापर्यंत काँक्रीटच्या दर सांध्याला दात वाजत होते. हवा उतरवल्यावर तोच रस्ता मऊ झाला आणि वेग तसूभरही घटला नाही. शर्यतींच्या जगानेही हेच शोधून काढलं. तिथे वर्षानुवर्षं २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे फुगवून वापरत, गेल्या दशकात ते आधी २५ आणि मग २८ वर आले. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उसळतो, आणि प्रत्येक उसळीत पुढे जायची ताकद वाया जाते. दुकानातल्या त्या बापाला मी आता उत्तर देऊ शकतो. बारीक टायर टिकतो, २८ किंवा ३२ चा घ्या आणि हवा वजनाप्रमाणे भरा. मला पहिल्या वर्षात तीन पंक्चर झाली, माउंटन बाइकवरही वर्षाला तेवढीच व्हायची.

मात्र एक गोष्ट माउंटन बाइक माफ करते आणि रोड बाइक करत नाही. ती म्हणजे जाळी.

माझं ऑफिस घाटकोपरला, म्हणून आठवड्यातून तीनदा एलबीएस मार्गाचे दहाएक किलोमीटर होतात. मेट्रो चारच्या कामामुळे या रस्त्यावर बॅरिकेड, लोखंडी प्लेटा, उखडलेले पेव्हर ब्लॉक, सगळं काही आहे. तीन वर्षं या सगळ्यावरून मी जाड टायर घालून सरळ गेलो होतो आणि रस्त्यावर नेमकं काय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. कडेला पावसाच्या पाण्याच्या ज्या जाळ्या असतात, त्यांतल्या काहींच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या बसवलेल्या असतात आणि काहींच्या रस्त्याच्या दिशेने उभ्या. दोन उभ्या पट्ट्यांमधल्या फटीत दोन इंचांचा टायर जात नाही. २८ मिलिमीटरचा अलगद जातो.

ऑक्टोबरातली सकाळ होती, मागून बस आली म्हणून मी कडेला सरकलो. पुढचं चाक फटीत उतरलं आणि जागच्या जागी थांबलं, मी थांबलो नाही. कोपर आणि गुडघा सोलवटला, हेल्मेटला चीर गेली. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीवर शिंपडायच्या बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं आणि रिक्षावाल्याने दोन्ही हातांनी सायकल उपटून काढली. रिम वाकडी झाली होती. मामांनी दीड तास आऊट काढला आणि दोन आरे बदलले.

त्यानंतर रस्ता मला तुकड्यातुकड्यांनी दिसू लागला. मुलुंड ते घाटकोपर उजव्या हाताला किती, डाव्या हाताला किती जाळ्या, कुठली उभी, कुठली आडवी, कुठल्या प्लेटीवर पाऊस पडला की साबणासारखं होतं, कुठल्या बसस्टॉपपुढे डांबर वितळून वळकटी झाली आहे. घोडबंदरला अवजड ट्रकांच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्यांमध्ये उंचवटा असतो, त्यावरून जायचं. बोरिवलीला उद्यानाच्या फाटकापुढे फिरायला येणाऱ्यांची गर्दी सहालाच सुरू होते, तिथे वेग सोडायचा. पवईला आयआयटीच्या भिंतीपाशी झाडांची पानं ओली असतात. हे सगळं पूर्वीही होतं. मी त्यावरून जात होतो, एवढंच.

तानसाच्या जलवाहिनीलगत मुलुंडपासून शहराच्या दिशेने ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करायचा आराखडा मुंबईत कित्येक वर्षांपासून आहे. पवई तलावाच्या काठावर असाच मार्ग बांधायला घेतला, तेव्हा तलावाची हानी होते म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये तो बेकायदा ठरवला. मी दर रविवारी त्या काठाने जातो आणि मला तो निकाल योग्य वाटतो. पाणपक्ष्यांची जागा घेऊन सायकलला वाट नको. सायकलला आहे त्याच रस्त्याची कडेची दोन हात रुंद पट्टी पुरते, ती सपाट मात्र हवी.

नव्या सायकलवर उद्यानाची फेरी दोन तास पंचावन्न मिनिटांत झाली. पहिल्यांदा घड्याळावर विश्वास बसला नाही, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा केली. दोन तास त्रेपन्न. त्या हिवाळ्यात नाशिक रस्त्यावरची २०० ची बीआरएम अकरा तास वीस मिनिटांत संपवली. शहापूरच्या पुढे उन्हात वडापाव खाताना वीस मिनिटं निवांत बसता आलं, ती वीस मिनिटं मला सर्वांत मोलाची वाटतात.

माउंटन बाइक विकली नाही. ती बहिणीच्या मुलाकडे अंधेरीला आहे. तो पंधरा वर्षांचा आहे आणि सुट्टीत मित्रांबरोबर येऊरला जातो. मातीने लडबडलेली सायकल दाखवायला मला फोटो पाठवतो. ‘मामा, शॉकअप मस्त चालतोय,’ असं लिहितो. तिथे तो चालायलाच हवा.

पडल्यानंतरच्या आठवड्यात मी त्या रस्त्यावरच्या उभ्या पट्ट्यांच्या अकरा जाळ्यांचे फोटो काढले, प्रत्येकीसमोरच्या दुकानाचं किंवा इमारतीचं नाव लिहिलं आणि ती यादी अर्जाला जोडून दिली. जाळी उचलून आडवी बसवायची, एवढीच मागणी होती. चार महिन्यांनी पाहिलं तर भाजीवाल्या मावशींसमोरची आणि पुढच्या शाळेजवळची, अशा दोन आडव्या झाल्या होत्या. उरलेल्या नऊ मला पाठ आहेत. त्या आल्या की मागे वळून पाहतो, हात बाहेर काढतो आणि एक हात उजवीकडून जातो. यादीची दुसरी प्रत कालच दिली आहे.